एक भाकरी जास्त

पाटी पडली ती मंगळवारी, आणि पडली तीही तोंडावर.

इजिप्तमधल्या कोम शाहीन गावच्या वस्तुसंग्रहालयात तीन दालनं, एकोणीस काचपेट्या आणि एक पंखा आहे. त्यातल्या सात नंबरच्या पेटीत सित्त होतेपेत, म्हणजे होतेपेतबाई, बसलेली असते. चुनखडीच्या दगडाची, हातभर उंच, डोक्यावर खांद्यापर्यंत केसांचा टोप, नाक गेलेलं, गुडघे झाकून गुंडाळलेलं वस्त्र आणि छाती चांगली भरलेली. तिच्या पुढ्यात पुठ्ठ्याची एक पाटी होती: 'सित्त होतेपेत, एक खानदानी स्त्री. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची.' वरच्या दिव्याच्या उबेनं पाटीमागचा गोंद वाळला, टेकू सुटला आणि पाटी पालथी झाली. संग्रहालयाचा क्युरेटर रिफअत यानं सकाळी ते पाहिलं आणि मनाशी म्हणाला, दोन मिनिटांचं काम आहे.

सरकारी नोकरीत सत्तावीस वर्षं काढलेल्या माणसानं हे वाक्य मनातसुद्धा आणायला नको होतं.

कारण काचपेटी म्हणजे काही घरचं फडताळ नव्हे. तिला कुलूप, कुलपाला तार, तारेला शिशाचं सील. ते सील तोडायचं तर पाच जणांची समिती लागते, समितीला हुकूम लागतो आणि हुकूम मिनियाच्या जिल्हा कचेरीतून निघतो. आतली माशी हाकलायची तरी हाच मार्ग. पेटी क्रमांक अकरामध्ये एक मेलेली माशी गेली नऊ वर्षं एका राणीच्या हारावर बसून आहे, आणि शाळेच्या मुली तिला सोन्याची समजून वहीत तिचं चित्र काढून नेतात. तेव्हा पाटी पालथी तर पालथी, असं म्हणून रिफअत गप्प बसला असता. पण तिकीटखिडकीवरच्या उम्म सब्रीनं त्याला बसू दिलं नाही.

"सित्तनं तोंड फिरवलंय," ती म्हणाली.

"सित्तनं नाही, पाटीनं."

"तेच ते. सकाळपासून तीन बायका माघारी गेल्या. त्यातली एक माझ्या भावाची सून. सहा वर्षं झाली लग्नाला. तिच्या सासूला काय सांगू, गोंद वाळला म्हणून?"

मूल होत नसलेल्या बायका सित्त होतेपेतकडे येत. तिकीट काढायचं, पेटीभोवती सात फेऱ्या मारायच्या, काचेला हात लावायचा आणि इकडंतिकडं न बघता घरी जायचं. खात्याच्या नियमात हे बसत नव्हतं. पण खात्याच्या वार्षिक अहवालात 'प्रेक्षकांची संख्या' असा एक रकाना असतो, आणि या बायका वगळल्या तर त्या रकान्यात शाळेच्या दोन सहली आणि रस्ता चुकलेलं एक जर्मन जोडपं एवढंच उरलं असतं. शिवाय खुद्द रिफअतची बायको इन्साफ हिनंही सात फेऱ्या मारल्या होत्या, आणि वर्षाच्या आत तहानी झाली होती. तहानी आता असियूतला दंतवैद्यकी शिकते.

आणि खरं सांगायचं तर सित्त होतेपेतवर रिफअतचा जीव होता, कारण ती त्याचीच होती. चोवीस वर्षांपूर्वी गटार खणताना ती सापडली, तेव्हा तिच्या बैठकीवरचं नाव भिंग लावून त्यानंच वाचलं. एका दुपारी. कैरोहून कुणी यायच्या आत. तेव्हापासून गाव त्याला दुक्तूर म्हणू लागलं. त्याच्याकडे डिप्लोमा होता, डॉक्टरकी नव्हती. पण मुअल्लिम (म्हणजे मालक) अय्यादच्या कहवाखान्यात एकदा दुक्तूर झालेला माणूस दुक्तूरच राहतो, आणि रिफअतनंही कधी कुणाला अडवलं नाही. ती दुपार त्यानं कहवाखान्यात इतक्या वेळा सांगितली होती, की भिंग दर वेळी थोडं लहान होत गेलं आणि ऊन थोडं जास्त कडक.

तेव्हा पाटीचा प्रश्न कहवाखान्यात जाणं ओघानंच आलं.

"बुक्की मार," मुअल्लिम अय्याद म्हणाला. "पेटीच्या मागच्या अंगाला, हळूच. माझा टीव्ही असाच चालतो."

रिफअतनं दुसऱ्या दिवशी मागच्या अंगाला हळूच बुक्की मारली. सात नंबरची पाटी जागची हलली नाही. सहा नंबरच्या पेटीतल्या दोन पाट्या मात्र पडल्या.

"काच तापव," औषधाच्या दुकानातल्या माणसानं सुचवलं. "गरम हवेनं पुठ्ठा वाकतो आणि आपोआप उभा राहतो." इन्साफचा केस वाळवायचा पंखा आणून रिफअतनं तोही उपाय केला. पुठ्ठा खरोखरच वाकला, पण खालच्या बाजूला, आणि आता तो पडलेला न दिसता झोपलेला दिसू लागला.

तिसरा सल्ला पुन्हा अय्यादचा होता. पेटीला हवेसाठी मागं एक भोक आहे ना? मग त्यातून कपडे टांगायच्या हँगरची तार सरळ करून आत घाल, टोकाला आकडा ठेव, आणि ओढ. रिफअत कबूल करायचा नाही, पण ही कल्पना त्याला आवडली. यात कौशल्य होतं. त्यानं दालनाचं दार लावून घेतलं, हँगर उलगडला, तार आत सारली, आकडा पाटीपर्यंत नेला, आणि नेमकं त्याच क्षणी उम्म सब्रीनं दारावर थाप मारून विचारलं, "दुक्तूर, आत कोण आहे?" रिफअतच्या हातून तार सुटली आणि सबंध आत गेली. ती सित्त होतेपेतच्या मांडीवर अशी काही तिरपी विसावली, की बाईसाहेब नाईलच्या काठी गळ टाकून बसल्यात असं वाटावं.

आता मात्र हुकूम मागवणं भाग होतं. पडलेल्या पाटीचं स्पष्टीकरण कुणी मागत नाही, हँगरचं मागतात.

हुकूम सतरा दिवसांनी आला. मग असं निघालं की नवं सील ठोकायची पक्कड ज्या कपाटात आहे, त्या कपाटाची किल्ली ज्याच्या ताब्यात आहे, तो कर्मचारी मक्केला उमऱ्याला गेलाय आणि किल्ली त्याच्या खिशात आहे. तो परत येईपर्यंत रिफअतनं पेटीवर चादर टाकली आणि 'देखभालीसाठी बंद' असा कागद लावला. बायकांनी चादर पाहून ठरवलं की सित्त बाळंत व्हायला आली आहे, आणि पेटीपाशी मेथीच्या दाण्यांच्या पुड्या ठेवायला सुरुवात केली. अखेर तो कर्मचारी खजूर, झमझमचं पाणी आणि किल्ली घेऊन परतला, आणि एका गुरुवारी सकाळी दहा वाजता समिती जमली.

समितीत मिनियाहून आलेले एक साहेब होते, पर्यटन पोलिसांचा एक पोट सुटलेला अधिकारी होता, पंचनामा लिहायला अब्दुल बारी नावाचा कारकून होता, जुन्या वस्तू दुरुस्त करणारी दुक्तूरा नर्मीन होती (ही खरी दुक्तूरा), आणि पाचवा रिफअत. सील तुटलं. कुलूप उघडलं. चोवीस वर्षं कोंडलेली हवा बाहेर आली आणि पोलीस अधिकारी शिंकला. अब्दुल बारीनं वेळ लिहिली. शिंक लिहू का म्हणून त्यानं विचारलं, साहेब नको म्हणाले.

"पेटीत हे काय आहे?" अब्दुल बारी म्हणाला.

"हँगर," रिफअत म्हणाला.

"यादीत नाही."

"यादीत कसा असेल? तो पाटी उचलायला…"

"पेटीत जे आहे ते पंचनाम्यात आलं पाहिजे. पंचनाम्यात आलं की नोंदवहीत चढलं पाहिजे. नोंदवहीत चढलं की कुणाच्या तरी ताब्यात असलं पाहिजे." अब्दुल बारी हे सगळं एका दमात म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, तो फक्त रस्ता सांगत होता. मग त्यानं लिहिलं: 'अज्ञात धातूची लांब वस्तू, एका टोकास आकडा, काळ आधुनिक, स्थिती चांगली.' रिफअतनं सही करून इन्साफचा हँगर सरकारी ताब्यात घेतला. तो आजही कोठारात आहे, आणि दर वर्षी मोजला जातो.

इथंच सगळं संपायला हवं होतं. पाटी उभी करायची, कुलूप लावायचं, चहा प्यायचा. पण दुक्तूरा नर्मीन म्हणाली, "पेटी उघडलीच आहे तर बाईंचा चेहरा पुसून घेते. पुन्हा कधी उघडेल देव जाणे." तिनं काडीला कापूस गुंडाळला, जिभेला लावून ओला केला (या कामाला थुंकीसारखं औषध नाही म्हणतात) आणि सित्त होतेपेतच्या गालावर फिरवू लागली.

कापूस काळा झाला. मग तपकिरी झाला. मग गाल दिसू लागला, आणि तो तांबडा होता.

नर्मीन थांबली. रिफअतही थांबला, पण आतल्या आत. जुन्या मिसरी चित्रकारांचा एक नेम होता आणि तो त्यांनी फारसा कधी मोडला नाही: बाई रंगवायची ती फिक्या पिवळ्या रंगात, पुरुष तांबड्या. बाई सावलीत राहणारी, पुरुष उन्हात हिंडणारा. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे ठाऊक असतं. रिफअतनं स्वतः शाळेच्या मुलींना हे पन्नास वेळा सांगितलं होतं, आणि तेही याच पेटीपुढं उभं राहून.

"पण छाती?" पोलीस अधिकारी म्हणाला.

"ती चरबी आहे," नर्मीन म्हणाली. "त्या काळी बढती मिळालेला अधिकारी असाच घडवत. खाऊनपिऊन सुखी, सुटलेला. मानाची खूण होती ती."

सगळ्यांनी पोलीस अधिकाऱ्याकडे पाहिलं. त्यानं पट्टा वर ओढला.

"पण नाव बाईचं आहे," रिफअत म्हणाला. आवाज त्याचाच होता, पण जरा लांबून आल्यासारखा. "बैठकीवर कोरलंय. होतेपेत. शेवटी भाकरी आहे."

भाकरीची गोष्ट अशी. त्या लिपीत अर्ध्या भाकरीच्या आकाराचं एक अक्षर आहे, त्याचा उच्चार 'त'. नावाच्या शेवटी ही भाकरी आली की नाव बहुतेक बाईचं. मराठीत जे काम एक काना करतो, ते तिथं ही भाकरी करते. होतेप म्हणजे तृप्त, होतेपेत म्हणजे तृप्ता. तेव्हा सित्त होतेपेतचं सगळं बाईपण त्या एका अर्ध्या भाकरीवर उभं होतं.

नर्मीननं नवा कापूस गुंडाळला आणि बैठकीवरून फिरवला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा भाकरी कापसाला चिकटून वर आली.

"गिलाव्याचा ठिपका आहे," ती म्हणाली. "सापडली तेव्हा कुणीतरी बैठक सांधली असेल, त्याचा शिंतोडा." ठिपक्याखाली दगड कोरा होता. होतेप. काना गेला होता. नर्मीननं चष्मा वर केला आणि अगदी सहज, कुणाला दोष द्यायचा म्हणून नव्हे, विचारलं, "हे नाव मुळात वाचलं कुणी?"

अब्दुल बारीनं पेन कागदावर टेकवलं.

त्या क्षणाचं रिफअतनं पुढं पुष्कळ गणित मांडलं. नक्की किती वेळ गेला, आपण खरंच विचार केला की नाही, तोंड आधी उघडलं की मन. काही हाती लागलं नाही. हाती फक्त वाक्य लागलं, आणि ते असं होतं: "उस्ताझ लबीब यांनी. आमचे आधीचे क्युरेटर. चार वर्षांपूर्वी वारले."

"देव त्यांना शांती देवो," अब्दुल बारी म्हणाला, आणि त्यानं लिहिलं.

मेलेल्या माणसाची बढती अडत नाही, बदली होत नाही, कुणी त्याला कहवाखान्यात हसत नाही. हे सगळं रिफअतनं घरी जाताना स्वतःला सांगून पाहिलं. पण उस्ताझ लबीब नुसते मेलेले नव्हते. रिफअतला नोकरीत अक्षर अन् अक्षर त्यांनी शिकवलं होतं. आणि त्यांची विधवा ओदेत, जिला सगळी गल्ली तांत, म्हणजे मावशी, म्हणते, ती रिफअतच्याच इमारतीत तळमजल्यावर राहत होती. रिफअत तिसऱ्या मजल्यावर. जिना एकच. आणि तांत ओदेतचं दार, वारा यावा म्हणून, सकाळपासून संध्याकाळपर्यंत उघडं.

कोम शाहीनमध्ये बातमी पोचायला चादर वाळायला लागतो तितकाही वेळ लागत नाही. दुसऱ्या दिवशी कहवाखान्यात चहा आला, साखर आली, आणि मुअल्लिम अय्याद समोर येऊन बसला.

"बाप्या निघाला म्हणे."

"हो."

"आणि नाव लबीबसाहेबांनी वाचलं होतं म्हणे."

"हो."

अय्याद थोडा वेळ हुक्क्याची नळी पुसत राहिला. "नाही, मला वाटायचं तूच वाचलंस. भिंग, कडक ऊन, असं काहीतरी ऐकल्यासारखं वाटतं."

"ऊन होतंच," रिफअत म्हणाला. "मी भिंग धरलं होतं. वाचत होते ते."

आजूबाजूला सात-आठ माणसं होती. ती गोष्ट त्या सगळ्यांना पाठ होती, त्यातले दोघे तर ती रिफअतपेक्षा चांगली सांगत. एकानं सोंगट्या मांडायला घेतल्या. हसले असते तर रिफअतला बरं वाटलं असतं. तो उठला तेव्हा अय्याद म्हणाला, "सांभाळून जा, उस्ताझ." चोवीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं दुक्तूर म्हटलं नाही, कुणाही साहेबाला म्हणतात तसं नुसतं उस्ताझ म्हटलं.

घरी इन्साफ तयारच होती.

"म्हणजे मी सात वेळा परक्या पुरुषाभोवती फिरले?"

"दगड आहे तो, इन्साफ."

"काचेला हात लावला मी. डोळे मिटून. काय काय बोलले त्याच्याशी, बाई समजून. आणि पाठवलं कुणी? तू. तू म्हणालास, जाऊन ये, खानदानी आहे." मग ती वेगळ्याच आवाजात म्हणाली, "पण रिफअत, नाव तर तू वाचलं होतंस. आपलं नवीन लग्न झालेलं. मला दाखवायला घेऊन गेला होतास. मी बघत होते."

रिफअतनं मोलोखियाच्या पालेभाजीच्या वाटीत भाकरी बुडवली आणि तिच्याकडे न बघता खाल्ली. इन्साफनं पुन्हा विचारलं नाही. ती एवढंच म्हणाली, "मोठा माणूस होता लबीब," आणि ताट उचललं.

बायकांचं म्हणाल तर त्यांनी दोन दिवसांत मार्ग काढला. उम्म सब्रीनं तिकीटखिडकीतूनच निकाल दिला: सित्त नव्हे तर शेख. शेख होतेप. शेखच्या कबरीला बायका जातातच की. फक्त फेऱ्या उलट्या बाजूनं घ्यायच्या. तिच्या भावाच्या सुनेनं त्याप्रमाणे सात उलट्या फेऱ्या घेतल्या आणि समाधानानं घरी गेली. सगळ्या गावाला नव्या वस्तुस्थितीशी जुळवून घेता आलं. अडलं एकट्या रिफअतचं.

तळमजल्यावरचं ते उघडं दार त्याला पार करता येईना. पहिले दोन दिवस तो बूट हातात घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी शेजारच्या इमारतीचा जिना चढून गच्चीवर गेला, मधला बुटका कठडा ओलांडला आणि आपल्या गच्चीवरून खाली उतरला. त्या कठड्यावर शेजारच्या बाईंची कबुतरं होती. चौथ्या दिवशी बाईंनी त्याला पाहिलं आणि खाली हाक मारून सगळ्या गल्लीला सांगितलं की क्युरेटरसाहेब कबुतरं चोरतायत. वयाच्या बावन्नाव्या वर्षी, पँटला कबुतराची घाण लागलेली, आपण चोर नाही हे सिद्ध करायला त्याला बाईंबरोबर कबुतरं मोजावी लागली. एकतीस भरली, म्हणून सुटला. त्या गडबडीनं तांत ओदेत बाहेर आली आणि वर बघून म्हणाली, "रिफअत आहे का रे तो? खाली ये. जिन्यानं ये."

तो गेला. ती दारात बुटक्या स्टुलावर बसून मोलोखियाची पानं खुडत होती. पंचाहत्तरीची बाई, केस पांढरे, गळ्यात चांदीचा क्रूस. तिनं दुसरं स्टूल पायानं पुढं सरकवलं.

"बस. पानं खुड. देठ इकडं टाक."

रिफअत पानं खुडू लागला.

"लबीबचं नाव कागदावर आलं म्हणे," ती म्हणाली.

"हो, तांत."

"छत्तीस वर्षं नोकरी केली. एका पाटीवर कधी नाव नाही, एका पुस्तकात नाही. त्याला फार वाटायचं, कुठंतरी यावं. आलं शेवटी." तिनं पान उजेडात धरून बघितलं. "काय लिहिलंय नेमकं? मला नीट कुणी सांगत नाही."

रिफअतला वाटलं, आता सांगितलं तर हिचा हाही आनंद जाईल. आणि लगेच वाटलं, किती नीच माणूस आहोत आपण, इथंही आपल्या सोयीचंच कारण सापडतंय. त्याच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. इतकी लाज त्याला लहानपणीसुद्धा कधी वाटली नव्हती.

"खोटं लिहिलंय, तांत," तो म्हणाला. "ते नाव मी वाचलं होतं. चूक माझी होती. मला विचारलं, आणि मी त्यांचं नाव सांगितलं. का सांगितलं ते मला माहीत नाही. घाबरलो, बस."

तांत ओदेतनं देठ टोपलीत टाकला. "ठाऊक आहे," ती म्हणाली.

"गावात सगळ्यांनाच ठाऊक आहे," रिफअत म्हणाला.

"गावाचं सोड. मला चोवीस वर्षांपासून ठाऊक आहे. पाटी लागली त्या आठवड्यात लबीब घरी आला आणि म्हणाला, पोरानं एक भाकरी जास्त वाचलीय. बॅटरी तिरपी धरून बघितलं त्यानं. म्हणाला, भाकरी दगडाची नाही, गिलाव्याची आहे. मी म्हटलं, मग सांग की त्याला. तर म्हणाला, नुकतं लग्न झालंय त्याचं. बायकोला दाखवायला घेऊन आला होता. गाव त्याला दुक्तूर म्हणायला लागलंय. त्याची चूक त्याची त्यालाच सापडू दे, म्हणजे कुणाला कळणार नाही."

रिफअतचे हात थांबले होते.

"वाट पाहिली त्यानं," ती म्हणाली. "दर वर्षी मोजदाद असायची ना तुमची? यादी घेऊन हिंडायचात दोघं, तो निवृत्त झाल्यावरसुद्धा. घरी आला की मी विचारायची, आज वाचलं का पोरानं? लबीब म्हणायचा, सात नंबरपाशी थांबलो, बॅटरी त्याच्या हातात दिली, म्हटलं, रिफअत, हे जरा वाच पुन्हा. आणि तू म्हणायचास…"

"सित्त होतेपेत, एक खानदानी स्त्री," रिफअत म्हणाला. त्याला आठवलं. दर वर्षी. बॅटरी हातात असायची, पेटवायचा मात्र तो कधी नाही. लबीबसाहेबांना वय झाल्यामुळं दिसत नाही असं त्याला वाटायचं, आणि त्यांची थोडी कीवही यायची.

"वीस वर्षं," तांत ओदेत म्हणाली. "हसायचा. म्हणायचा, पुढच्या वर्षी बघेल." तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आवाज नेहमीसारखाच होता. "रागावले नाही मी तुझ्यावर. म्हणजे रागावलेय. पण तू बूट हातात घेऊन जायचास त्याचा जास्त राग आला."

त्या दिवशी रिफअतनं खुडलेली पानं तिला परत खुडावी लागली, कारण त्यानं देठ पानांत आणि पानं देठांत टाकली होती.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं तो मिनियाला गेला. पंचनामा दुरुस्त करायचा आहे म्हणताच अब्दुल बारीनं चष्मा काढला. असा अर्ज आजवर कुणी केला नव्हता. चूक नाकारायचा छापील अर्ज होता, तो तीन रंगांत मिळत होता. कबूल करायचा नव्हता. शेवटी त्यानं नाकारण्याचाच एक अर्ज घेतला, 'नाही' हा शब्द सहा ठिकाणी पट्टीनं खोडला आणि लिहायला बसला.

"चूक करणाऱ्याचं नाव?"

रिफअतनं आपलं नाव सांगितलं. वडिलांचं, आजोबांचं, हुद्दा, सगळं नीट सांगितलं.

"चूक लक्षात आणून देणाऱ्याचं नाव? दुक्तूरा नर्मीन?"

"नाही. उस्ताझ लबीब हन्ना."

"ते मयत आहेत," अब्दुल बारी म्हणाला. "मयत माणसाला चूक लक्षात आणून देता येत नाही."

"हयात असताना आणून दिली."

"तारीख?"

"दर वर्षी. मोजदादीच्या दिवशी. वीस वेळा."

अब्दुल बारीनं पेन खाली ठेवलं. तो वाईट माणूस नव्हता, फक्त त्याला सगळं कुठल्यातरी रकान्यात घालावं लागे. "वीस वेळा आणून दिली," तो म्हणाला, "मग दुरुस्ती का झाली नाही?"

"ते म्हणायचे वाच, आणि मी न बघता पाठ म्हणून दाखवायचो."

खोलीत आणखी दोन कारकून होते. दोघांनी मान वर केली. रिफअतला पुन्हा कान गरम झाल्याचं जाणवलं, पण या वेळी त्यानं खाली पाहिलं नाही.

"हे कुठल्या रकान्यात लिहू?" अब्दुल बारीनं विचारलं.

"माझ्या नावापुढं लिहा," रिफअत म्हणाला. "जागा पुरली नाही तर मागच्या बाजूला लिहा."